लांगरी साहेबांचं जंगल

प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, की पर्यवेक्षकाला तीन तास काही म्हणजे काही काम नसतं. बसायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल बाहेर ठेवलेला. मग उरलेली प्रश्नपत्रिका उलटीसुलटी करून वाचायची, एवढाच उद्योग. परवा बारावीच्या संरक्षणशास्त्राच्या पेपरला मी तेच करत होते. तुमसरला आमच्या कॉलेजच्या मागंच राईस मिल आहेत. खिडकीतून उकडलेल्या धानाचा वास येत होता, पंखा नुसता नावाला फिरत होता, आणि माझी नजर चौथ्या प्रश्नावर अडकली. 'घनदाट जंगलाचा युद्धपद्धतीवर व शस्त्रांवर होणारा परिणाम स्पष्ट करा.' मला खुदकन हसूच आलं. तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं दचकून वर पाहिलं. बिचारीला वाटलं असेल, मॅडम आपलाच पेपर वाचून हसताहेत.

तिला कसं सांगू, की बाई गं, या एका प्रश्नानं एकेकाळी माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं!

आमच्याकडे मार्च म्हणजे दोनच गोष्टी. परीक्षा आणि मोहा. बाकीच्यांच्या मार्चला आंब्याच्या मोहराचा वास येत असेल, मी दिघोरीची. माझ्या मार्चला मोहफुलांचाच वास येतो. गोड, जड, थोडासा आंबूस. फुलं पहाटेपासून टपटप पडायला लागतात आणि ऊन चढलं की थांबतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो, त्यामुळे ती कोरड्या मातीवर पडलेली स्पष्ट दिसतात. फिकट पिवळी, रसानं टरारलेली, हातात घेतली की चिकट. वेचता वेचता चार तोंडात टाकायची आणि आईनं पाहिलं तर 'नाही खाल्ली' म्हणायचं. हनुवटीवर रस ओघळलेला असायचा, तरीही म्हणायचं. त्या वासातच मी पाढे पाठ केले, त्या वासातच दहावी दिली, आणि त्याच वासात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला संरक्षणशास्त्राशी लढले.

हा विषय मी काही देशप्रेमानं घेतला नव्हता. गृहअर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. आई म्हणाली, "घेऊन टाक. घरात मिलिटरीवाला बसला आहे, त्यायलेच इचारजो." घेतला आणि हिवाळ्याच्या परीक्षेत चक्क नापास झाले. आणि झाले ती याच प्रश्नावर. 'जंगलात रणगाडे चालत नाहीत' एवढं एक वाक्य लिहिलं आणि पुढं डोकं बंद. पण पान कोरं सोडायचं नाही ही आमच्या गुरुजींची शिकवण! मग मी वनांचे उपयोग लिहिले. जंगलामुळे पाऊस पडतो, जमिनीची धूप थांबते, डिंक, लाख, मध आणि तेंदूपत्ता मिळतो. शेवटी 'म्हणून युद्धकाळात जंगल अत्यंत उपयोगी असते' असं ठोकून दिलं. आमचे सर पेपर नाचवत म्हणाले, "वंदना, शत्रूला तेंदूपत्ता तोडायला लावणार होतीस काय?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले, कारण रडण्यापेक्षा ते बरं दिसतं.

घरी मात्र कोणी हसलं नाही. मला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही मला येतच नव्हतं. धानाची रोपं लावताना, रोवणीत, माझी ओळ वाकडी, चुलीवर माझा भात करपलेला. हा पेपर उन्हाळ्यात निघाला तर पदवी, पदवी हातात आली तर बी.एड.चा अर्ज. बाबा चिडके नव्हते, पण त्यांचं एकदा ठरलं की ठरलं. म्हणाले, "हा एक डाव देऊन पाह्य. नाही निघाला त बी.एड.चं नाव काढू नको. घरी बस, शेतात हात कमी पडून राहिले." बाबांचं 'घरी बस' म्हणजे कायमचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या आतेबहिणीनं असंच एक वर्ष घरी बसून काढायचं ठरवलं होतं. ती अजून उठलेली नाही.

तेव्हा मी काकाजींना शरण गेले.

काकाजी म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. अठरा वर्षं फौजेत होते, आणि त्यातली बरीचशी पूर्वेकडच्या डोंगराळ जंगलात काढलेली. ते निवृत्त होऊन आले तो दिवस मला आठवत नाही, मी पाळण्यात होते. पण आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे, की पाहिल्यासारखाच. बसस्टँडवर बँडबाजा, गुलाल, अख्खी दिघोरी जमलेली. काळी ट्रंक घेऊन काकाजी उतरले. तेव्हाच्या सरपंचांनी साऱ्या गावासमोर विचारलं, "कोनत्या पोस्टवर होते गा?" काकाजी म्हणाले, "लांगरी." सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं. शिपाई ठाऊक होता, हवालदार ठाऊक होता, सुभेदारही ठाऊक होता. लांगरी कोणीच ऐकला नव्हता. ज्या पोस्टचं नावच कोणी ऐकलं नाही ती नक्की फार वरची असणार, असा आमच्याकडचा सरळ तर्क! सरपंचांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून काकाजींच्या गळ्यात घातला आणि ओरडले, "लांगरी साहेबाचा इजय असो!"

तेव्हापासून ते लांगरी साहेब. लग्नपत्रिकेत 'विनीत' खाली त्यांचं नाव आणि पुढं कंसात 'लांगरी, सेवानिवृत्त'. सव्वीस जानेवारीला पहिली खुर्ची त्यांची. लग्नाच्या मांडवात ते वीस हात लांब बसलेले असायचे आणि तिथून आचाऱ्याला हाक मारायचे, "भाऊ, भात खाली लागून राहिला, जाळ वढ!" झाकण काढून पाहावं तर खरंच लागत असायचा. गाव तोंडात बोटं घालायचं. "मिलिटरीचं नाक आहे बापा!"

असा मोठा माणूस घरात आणि मी जंगल-युद्धात नापास! पण मी वही घेऊन गेले तर काकाजी चक्क टाळायला लागले. "माझ्याजवळ का आहे व सांगाले? पुस्तकात पाह्य." आज पाहुणे, उद्या पाठ दुखते, परवा बैल हरवला. आमच्याकडे बैलच नव्हते, दोन हेले, म्हणजे रेडे, होते. शेवटी काकी, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावरून करवादली, "सांगा न जी पोरीले. नाहीतरी अठरा वर्षं तेच करून राहिले होते न!" आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. ती का हसली, तेव्हा मला कळलं नाही. काकाजींनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी मोहा येचाले चाल. टोपली आन. वही नको आनू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. गावाची शेवटची धानाची बांधी ओलांडली, बांधाच्या धुऱ्यावरून उतरलो की झाडी सुरू होते. पळस नुकता पेटलेला, सागाची पानं गळून खाली गुडघाभर पाचोळा. मी आपली चर्रचर्र वाजवत चालले होते. काकाजी माझ्या पुढं, आणि त्यांच्या पायाचा आवाजच नाही! एवढा भारदस्त माणूस, आणि मांजरीसारखा.

"काहून व, वरात घेऊन चालली का?" ते मागं न पाहता म्हणाले. "आधी पाह्य, मंग पाय ठेव."

आमच्याकडे 'पहा'चं 'पाह्य' होतं, त्यामुळे ते वाक्य मला फार आवडलं. आधी पाह्य, मंग पाय. टाच नाही टेकवायची, चवडा टेकवायचा, पाचोळा बाजूला सरकवायचा आणि मग अंगाचा भार द्यायचा. मी शंभर पावलं तशी चालले आणि पोटऱ्यांत गोळे आले. काकाजी म्हणाले, "मैदानातल्या लढाईत डोरे लागतेत. झाडीत कान लागतेत. ज्याले आधी ऐकू आलं, थो घरी गेला."

मग त्यांनी मला मोह्याच्या बुंध्याशी उभं केलं आणि स्वतः मागं मागं जात राहिले. बोराटीची झुडपं, चिलाटीचे वेल, बांबूचं बेट. मी त्यांच्या खांद्यावरचा पांढरा दुपट्टा पाहत होते. पाहता पाहता दुपट्टा गेला.

"मी दिसून राहिलो का?"

"नाही, काकाजी."

"किती पावलं आलो?"

मी मोजली होती. पंधरा. पंधरा पावलांवर माझा सख्खा काका नाहीसा झाला होता. झुडपामागून आवाज आला, "पंधरा पावलावर तुले मानूस दिसत नाही, त कोसभर मारनारी लंबी बंदूक कायले पाहिजे? झाडीत लढाई हातभर अंतरावर होते. तिथं लहान नळीची, हलकी बंदूक पाहिजे. लंबी वेलात गुतते, अन् मानूस तिथंच उभा राह्यते, चरत्या बकरीवाणी."

एवढ्यावर थांबतील तर काकाजी कसले! एक लांब वाळका बांबू माझ्या हातात दिला. "घे, ही तलवार. मार मले." स्वतः कमरेचा विळा काढला. मी बांबू जोरात फिरवला. तो वर फांदीला अडला, बाजूला वेलात गुंतला, आणि मी तो सोडवत होते तोवर काकाजींनी पुढं येऊन विळ्याची मूठ माझ्या खांद्याला टेकवली. "मेली तू," ते आनंदानं म्हणाले. "आता उठ अन् मोहा येच."

फुलं वेचता वेचता मी विचार करत होते. जुन्या काळी घोड्यांवरून, लांब भाले मिरवत, मोठमोठी सैन्यं आली असतील या बाजूला. मैदानात त्यांच्यासमोर कोण टिकणार? पण आमची झाडी सुरू झाली की घोडा अडला, रांग मोडली, भाला फांदीत अडकला. आमच्या माणसांपाशी काय होतं? आखूड दांड्याची कुऱ्हाड, तीरकमठा, आणि कुठली पायवाट कुठल्या नाल्याला जाते त्याची माहिती. झाडी माणसाचं हत्यार लहान करते आणि त्याचा कान मोठा करते. आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात हे मला जन्मापासून ठाऊक होतं, पण त्या नावात एक अख्खा किल्ला आहे हे त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं. मला माझ्या गावाचा एकदम फार अभिमान वाटला. मग पायाला मुंगळा चावला आणि तो विचार तिथंच राहिला.

असे आम्ही बारा-पंधरा दिवस गेलो. रोज एक धडा. तोफेचा गोळा झाडाच्या शेंड्यावरच फुटतो आणि फांद्या आपल्याच लोकांच्या डोक्यावर पडतात. वरून विमानातून पाहावं तर नुसती हिरवी गोधडी. चालायचं एकामागं एक, त्यामुळे पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला दिसत नाही. "साहेब मांगं, लढाई पुढं," काकाजी म्हणायचे. "हुकूम पोचेस्तोवर लढाई संपते. म्हनून झाडीत लहान लहान टोळ्या राह्यतेत, अन् वेळ आली की त्यातला कोनीही साहेब होते." ओल इतकी, की तेल नाही लावलं तर बंदूक दोन दिवसांत गंजून तांबडी. "जंगलात जंग होते थे खरं, पन त्याच्या आधी बंदुकीले जंग लागते!" या विनोदावर ते स्वतःच इतके हसायचे, की झाडावरची वानरं जागा बदलायची.

आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी यायची ती चुलीवर.

"मैदानात धूर वर जाते अन् उडून जाते. झाडीत वरतून पानायचं छप्पर. धूर खालीच पसरते. पाऊन कोसावरच्या मानसाले समजते, इथं कोनी जेवून राहिलं. म्हनून चूल पेटवाची धुक्यात, उजाडाच्या आत. धूर धुक्यात मिसळते. लाकूड वाळलं पाहिजे. बांबू चालते, पन फाडून. पेरं तसंच राहिलं त बंदुकीवाणी फुटते. भांडे फडक्यात गुंडाळाचे. झारा पातेल्याले लागू द्याचा नाही. अन् फोडनी बंद. लसनाचा वास पोचते, मिरचीचा ठसका पोचते, अन् मोहरी... मोहरीचं त नावच काढू नको."

"मोहरीनं काय होतं?"

काकाजी टोपली खाली ठेवून बसले. एका दिवाळीची गोष्ट सांगितली. चौकीवर चाळीस जण, पंधरा दिवस नुसता उकडलेला भात आणि डाळ. स्वयंपाकाला एक नवीन माणूस आला होता. त्याला घरची आठवण आली. त्यानं गरम तेलात मूठभर मोहरी टाकली. "तडतड तडतड! चाळीसच्या चाळीस जमिनीवर आडवे. सुरक्षेचे खटके खाली, बोटं घोड्यावर. एकानं जरा दाबलं असतं त आपलाच मानूस गेला असता. कितीतरी वेळ कोनी उठलं नाही."

"मग? त्याला शिक्षा झाली?"

"नाही. उठले, जेवले. अन् म्हनले, भाजी मस्त झाली." काकाजींनी मातीतलं एक फूल उचललं, फुंकर मारून टोपलीत टाकलं. "पन त्या मानसानं मंग चौकीवर कधी फोडनी देल्ली नाही."

मी घरी आले की सगळं वहीत उतरवायची. काकी अंगणात फुलं वाळत घालताना विचारायची, "आज का शिकवलं साहेबानं? लढाई का भाजी?" आणि पुन्हा हसायची.

लेखी पेपर झकास गेला. तोच प्रश्न आला होता, आणि मी त्या एका उत्तराला पाच पानं लिहिली, तेंदूपत्त्याचा उल्लेख न करता. उरली तोंडी परीक्षा. पवनीला आमच्या कॉलेजात बाहेरून परीक्षक आले होते, फौजेतले निवृत्त कर्नल. बुटके, गोरे, आणि आमच्या उन्हानं बेजार होऊन सारखा रुमाल डोक्यावर ठेवणारे. शेजारी आमचे सर अगदी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलेले. कर्नल सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते. "घनदाट जंगलात सगळ्यात घातक शस्त्र कोणतं?" माझ्या आधीचा म्हणाला, मशीनगन. त्याच्या आधीची म्हणाली, सुरुंग. माझी पाळी आली. माझ्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काही नव्हतंच.

"मोहरी, सर."

आमच्या सरांनी डोळे मिटून घेतले. कर्नल पुढं झुकले. "काय?"

"मोहरी. फोडणीची." आणि मग माझी गाडी सुटली ती थांबेचना. धुकं, धूर, फाडलेला बांबू, फडक्यात गुंडाळलेली भांडी, आडवे पडलेले चाळीस जण. मोहरी तडतडते तिथं मी हातानं तडतडून दाखवलं. कर्नल इतके हसले, की रुमाल डोक्यावरून खाली पडला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. माझ्या काकाजींनी सांगितलं. ते फौजेत फार मोठ्या पोस्टवर होते." मी मान ताठ केली. "लांगरी होते."

सरांच्या घशातून कसलासा आवाज आला. कर्नलांचं हसणं थांबलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हो. फार मोठी पोस्ट आहे." आणखीही काहीतरी म्हणाले, पण माझ्या कानांत तोवर नुसती धडधड होती. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि मला जायची खूण केली.

सर माझ्या मागोमाग बाहेर आले. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "अगं बाई, लांगरी म्हणजे काय ठाऊक आहे का तुला? आचारी! फौजेतला स्वयंपाकी! कर्नलसमोर तू स्वयंपाक्याला मोठा साहेब केलास! त्यांना वाटलं असेल, ही पोरगी आपली थट्टा करते. म्हणून तर तेही तसंच बोलले. गेला बघ पेपर."

दिघोरीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. मांडवात वीस हातांवरून कळणारा करपता भात. काकीचं पदर लावून हसणं. लढाई का भाजी! मोहरी टाकणारा तो नवीन माणूस! अगं बाई, म्हणजे ते स्वतःच! मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मध्येच वाटलं, सगळं गाव वेडं, त्यातली मी सर्वांत मोठी वेडी. पेपर गेला, बी.एड. गेलं, आता जन्मभर वाकडी रोवणी. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं व पोट्टे? कोनी गेलं का?" मी म्हटलं, "हो, मीच."

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. काकाजी अंगणात वाळलेली मोहफुलं हातानं उलटीपालटी करत होते. तांबूस, मनुक्यांसारखी झालेली. काकी सुपात पाखडत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काकाजी, लांगरी म्हणजे काय?"

त्यांचा हात थांबला. काकीनं सूप खाली ठेवलं आणि टाळी वाजवून हसायला लागली. "समजलं व! शेवटी कोनाले तरी समजलं! मले त लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी समजलं होतं. ह्यायनं कांदा कापला, बापा, मशीनवाणी!"

"तुम्ही अख्ख्या गावाला फसवलं," मी म्हटलं.

"मी?" काकाजींना खरोखरच राग आला. "मी त पह्यल्याच दिवशी, स्टँडवर, साऱ्या गावासमोर खरं बोललो. लांगरी म्हनलो. लोकायनं हार घातला. आता गळ्यात हार पडल्यावर मानसानं का म्हनावं? थांबा गा, मी भात शिजवत होतो?"

मला फस्सकन हसू फुटलं आणि त्याच्याच मागं रडू. "पण माझं वर्ष गेलं न, काकाजी! मी कर्नलसमोर सांगितलं, माझे काकाजी लांगरी, फार मोठी पोस्ट. त्यांनी माझी थट्टा केली."

"का म्हनला थो?"

"म्हणाले, हो, फार मोठी पोस्ट आहे."

"हासला?"

"नाही. मोहरीवर हसले. यावर नाही."

"मिशीतल्या मिशीत?"

"त्यांना मिशीच नव्हती."

काकाजी उठून माझ्याजवळ आले. "नीट आठव, पोरी. आखीन का म्हनला? शब्द इकडचा तिकडे करू नको."

मी डोळे पुसले. कानांतली धडधड आता थांबली होती, आणि कर्नलांचं ते दुसरं वाक्य मला पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं ऐकू आलं. "म्हणाले... म्हणाले, तसा माणूस चुलीपाशी होता, म्हणून आम्ही घरी परत आलो."

काकाजी वाळत्या फुलांतच मटकन बसले. मग दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "गाव साहेब म्हनते, पन गावाले माहीत नाही. ज्याले माहीत आहे, असा कोनी आजपर्यंत म्हनला नव्हता." त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "असं बोलनारा मानूस नापास करत नाही, पोरी. तू पास झाली."

काकी सूप तसंच सोडून जवळ येऊन बसली. काकाजी तिला म्हणाले, "ऐकलं का व, साहेब का म्हनला थे?"

"ऐकलं जी. दोन्ही कानानं ऐकलं."

"तरी ऐक," काकाजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "सांग पोरी, आखीन एक डाव सांग. सावकाश सांग."